तापमान जुळते, पण व्हिट्रिनाइट जुळत नाही: बेसिन मॉडेलमधील नेहमीची अडचण आणि तिची उकल

बेसिन मॉडेल म्हणजे गाळाचे खोरे कसे पुरले व तापले आणि त्यात तेल केव्हा तयार झाले याचा संगणकावरील हिशेब. विहिरीतील थरांची जाडी, वय आणि खडकप्रकार भरून झालेले असतात, मॉडेल चालवून झालेले असते आणि पडद्यावर दोन आलेख उघडलेले असतात. पहिल्या आलेखात तापमानाची रेषा मोजलेल्या बिंदूंमधून बिनचूक जाते. दुसऱ्या आलेखात मात्र व्हिट्रिनाइट परावर्तनाचे (खडकातील वनस्पतिजन्य कणांच्या चकाकीचे, जिच्यावरून खडक किती तापला म्हणजेच किती परिपक्व झाला ते कळते) मोजलेले बिंदू मॉडेलच्या रेषेच्या एका बाजूला, बहुधा जास्त परिपक्वतेच्या बाजूला, रांगेने उभे असतात. मग तळाकडून येणारा उष्णता प्रवाह थोडा वाढवला जातो. त्याने परावर्तन जुळते, पण तापमान बिघडते. म्हणून आजचा प्रवाह पूर्ववत ठेवून भूतकाळातला प्रवाह वाढवला जातो, चार-पाच कोटी वर्षांपूर्वी कुठेतरी एक उंचवटा काढला जातो, आणि दोन्ही आलेख एकदाचे जुळले म्हणून फाइल पुढे पाठवली जाते. शेजारच्या विहिरीत तोच उंचवटा वापरला की सारे पुन्हा विस्कटते.

ही अडचण इतक्या वेळा आणि इतक्या ठिकाणी उद्भवते की तिला सॉफ्टवेअरचा दोष म्हणता येत नाही. पेट्रोमॉड वापरा किंवा टेमिस, ती तशीच समोर येते. माझे मत असे आहे की उष्णता प्रवाह हा मॉडेलमध्ये हात लावायला सर्वांत सोपा आकडा असल्यामुळेच तो सर्वांत आधी बदलला जातो, आणि वास्तविक तो सर्वांत शेवटी बदलायला हवा. त्याआधी तपासण्याच्या गोष्टी कोणत्या आणि त्या कोणत्या क्रमाने तपासाव्यात, हे मुंबईसमोरच्या समुद्रातील खोऱ्याचे उदाहरण घेऊन येथे मांडले आहे.

हे खोरे निवडण्याचे कारण केवळ जवळीक नव्हे. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने खोदलेल्या विहिरीत तेल लागले तेव्हापासून मुंबई हाय हे नाव महाराष्ट्रात सर्वांना परिचित आहे, परंतु मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने या भागाचे महत्त्व वेगळे आहे. तळाशी बहुतेक ठिकाणी दख्खन ट्रॅपचा बेसाल्ट, तर मुंबई हायच्या माथ्याखाली काही ठिकाणी त्याहूनही पुरातन ग्रॅनाइट व नाइस. त्यावर पॅलिओसीन ते आरंभीच्या इओसीन काळातील पन्ना संचाचे (म्हणजे या नावाच्या थरसमूहाचे) शेल, वाळूखडक आणि कोळशाचे थर, जे येथील मुख्य स्रोत खडक, म्हणजे तेल-वायू जेथे तयार होतात ते खडक, मानले जातात. त्यावर इओसीनपासून मध्य मायोसीनपर्यंत चुनखडीचे जाड थर, अधूनमधून शेल. आणि सर्वांत वर चिंचिणी संचाची माती व शेल. एकाच विहिरीत बेसाल्ट, कोळसा, चुनखडी आणि कोवळी माती असा संच असल्यामुळे मॉडेलमधील बहुतेक चुका येथे उघड्या पडतात.

दोन बिंदू, दोन वेगळ्या साक्षी

तपासणीला लागण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की असावी. विहिरीत मोजलेले तापमान फक्त आजची स्थिती सांगते. व्हिट्रिनाइट परावर्तन मात्र खडकाने आजवर सोसलेल्या तापमानाची, त्यातही मुख्यतः कमाल तापमानाची, नोंद ठेवते, आणि खडक नंतर थंड झाला तरी ती नोंद पुसली जात नाही. परावर्तन साधारण ०.६ टक्क्यांवर पोचले की तेलनिर्मितीचा पट्टा सुरू झाला आणि १.३ टक्क्यांच्या आसपास संपला, असे धरण्याची पद्धत आहे. १९९० मध्ये स्वीनी व बर्नहॅम यांनी मांडलेल्या रासायनिक गतिशास्त्राच्या सूत्राने बहुतेक सॉफ्टवेअर मॉडेलमधील परावर्तन हिशेबाने काढतात.

यावरून असे दिसते की तापमान जुळत असताना मोजलेले परावर्तन मॉडेलपेक्षा जास्त असेल तर तीनच शक्यता उरतात: खडक पूर्वी खरोखरच आजच्यापेक्षा गरम होता, किंवा आजचे तापमान आपण कमी मोजले आहे, किंवा परावर्तनाची मोजणी फसवी आहे. यांपैकी पहिली शक्यता भूशास्त्रीयदृष्ट्या रंजक असते आणि उरलेल्या दोन कंटाळवाण्या असतात. माझ्या अनुभवात उत्तर बहुतेक वेळा कंटाळवाण्या शक्यतांमध्येच सापडले आहे.

आधी खोली, मग तापमान

तापमानाचे बिंदू कोणत्या खोलीवर मांडले आहेत, हा प्रश्न इतका बाळबोध वाटतो की तो कोणी विचारत नाही. लॉगच्या (विहिरीत उपकरणे सोडून घेतलेल्या मोजण्यांच्या नोंदीच्या) मथळ्यावरील खोली ही रिगच्या फलाटापासून, विहिरीच्या मार्गाने मोजलेली असते. मॉडेलला हवी असते समुद्रतळापासूनची उभी खोली. फलाट समुद्रपातळीपासून ३० मीटर उंच आणि पाणी ७५ मीटर खोल असेल तर केवळ संदर्भपातळीच्या घोळाने बिंदू १०५ मीटर खाली सरकतात. समुद्रातील प्लॅटफॉर्मवरून खोदलेल्या विहिरी बहुतेक तिरक्या असल्यामुळे खरा धोका मोठा आहे: मार्गाने ३००० मीटर भरणारी विहीर उभ्या मापाने २५०० मीटरच असू शकते, आणि दर किलोमीटरला ३६ अंश वाढ धरली तर त्या ५०० मीटरचे १८ अंश होतात. अठरा अंशांची चूक कोणत्याही उष्णता प्रवाहाने निस्तरू नये.

खोली बरोबर असल्याची खात्री झाली की तळाच्या तापमानाकडे वळावे. लॉगिंगच्या वेळी मोजलेले तळाचे तापमान हे खडकाचे नसून, थंड मड (खोदताना विहिरीत फिरवला जाणारा चिखलासारखा द्रव) फिरवल्यामुळे गारठलेल्या आणि आता हळूहळू पूर्वपदावर येणाऱ्या विहिरीचे असते. पुढील आकडे एका काल्पनिक विहिरीचे आहेत, परंतु त्यांची ठेवण नेहमीचीच आहे. समजा समुद्रतळापासून ३००० मीटर खोलीवर तीन तास मड फिरवल्यानंतर ते थांबवले, आणि चार, आठ व बारा तासांनी अनुक्रमे ११८, १२५ आणि १२७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. हॉर्नर पद्धतीत मड फिरवण्याचा काळ आणि थांबल्यानंतरचा काळ यांच्या बेरजेला थांबल्यानंतरच्या काळाने भागायचे, त्या भागाकाराचा लॉगरिदम आडव्या अक्षावर व तापमान उभ्या अक्षावर मांडायचे, आणि लॉगरिदम शून्य होईपर्यंत, म्हणजे अनंत काळ लोटेपर्यंत, रेषा वाढवायची. आपल्या तीन बिंदूंची रेषा सुमारे १३३ अंशांवर पोचते.

समुद्रतळाचे तापमान २४ अंश धरले तर पहिल्याच नोंदीवरून तापमानवाढीचा दर किलोमीटरला ३१ अंश येतो आणि दुरुस्त तापमानावरून ३६ अंश. त्याच खडकांसाठी, सरासरी उष्णतावाहकता १.९ एकक (वॅट प्रति मीटर-केल्विन) धरून, उष्णता प्रवाह पहिल्या हिशेबाने चौरस मीटरला ६० मिलिवॅट आणि दुसऱ्या हिशेबाने ६९ मिलिवॅट निघतो. तळाशी पडलेल्या १५ अंशांच्या या फरकामुळे परावर्तन ढोबळमानाने ०.१ ते ०.२ टक्क्यांनी बदलते. लेखाच्या आरंभी वर्णन केलेली तफावत नेमकी एवढ्याच मापाची असते, हा योगायोग नाही. दुरुस्ती न केलेल्या तापमानाशी मॉडेल जुळवले, त्यामुळे परावर्तन कमी आले, आणि ते भरून काढण्यासाठी भूतकाळात नसलेला उंचवटा निर्माण करावा लागला, अशी ही साखळी आहे.

हॉर्नर पद्धतही शेवटचा शब्द नव्हे. तिने काढलेले तापमान खऱ्यापेक्षा किंचित कमीच येण्याकडे कल असतो. उत्पादन चाचणीत थरातून वर आलेल्या द्रवाचे तापमान उपलब्ध असेल तर ते अधिक विश्वासार्ह धरावे, मात्र चाचणीत वायू आला असेल तर तो प्रसरण पावताना थंड होतो हे विसरू नये. एकाच वेळेची एकच नोंद हाती असेल तर हॉर्नर वापरता येत नाही. अशा वेळी बिंदूभोवती मोठा त्रुटिपट्टा काढावा आणि मॉडेलची रेषा त्या पट्ट्याच्या वरच्या भागातून गेली तरी मान्य करावी. जुन्या विहिरींच्या फायलींमध्ये मड किती वेळ फिरवले याची नोंद अनेकदा नसते, आणि मग ती ड्रिलिंगच्या रोजच्या अहवालातून शोधून काढावी लागते. हे काम कंटाळवाणे असले तरी अर्ध्या दिवसात होते; उंचवट्याचे समर्थन करण्यात त्याहून अधिक वेळ जातो.

समुद्रतळाच्या तापमानाबाबत उथळ समुद्रात फारशी चूक होत नाही. कोकण-केरळ किनाऱ्यापुढच्या खोल पाण्यातील मॉडेल करताना मात्र आधीच्या उथळ विहिरीच्या फाइलवरून नवी फाइल तयार केली जाते आणि २४ अंश तसेच राहून जातात. अडीच हजार मीटर पाण्याखाली तळ जेमतेम दोन-तीन अंशांवर असतो. तेथे संपूर्ण रेषाच वीसेक अंशांनी सरकलेली असते.

व्हिट्रिनाइटवर किती भिस्त ठेवावी

तापमान निस्तरल्यानंतरही तफावत राहिली तर दुसऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी करावी. व्हिट्रिनाइट हा जमिनीवरील झाडांच्या लाकडापासून बनलेला घटक असल्यामुळे चुनखडीत तो क्वचितच मिळतो. मुंबई समुद्रातील विहिरीत यामुळे एक विचित्र चित्र दिसते: वरच्या मातीत काही बिंदू, तळाच्या पन्ना संचात काही बिंदू, आणि मधली हजार-दीड हजार मीटर चुनखडी रिकामी. दोन टोकांना दोन झुपके असले की त्यांतून कोणतीही रेषा काढता येते, आणि मधल्या विसंगतीवर (थर साठणे खंडित झाल्याच्या किंवा झिजल्याच्या पातळीवर) परावर्तनाने उडी घेतली की नाही हे कळत नाही. बिंदू कमी असल्याची ही जाणीव शेवटपर्यंत ठेवावी.

दुसरी बाब नमुन्याची. कोअर (खडकाचा अखंड दंडगोल) किंवा बाजूच्या भिंतीतून काढलेला नमुना असेल तर ठीक. परंतु बहुतेक मोजण्या कटिंग्जवर (मडबरोबर वर येणाऱ्या खडकाच्या चुऱ्यावर) होतात आणि त्यांत वरच्या थरांतून ढासळलेले तुकडे मिसळलेले असतात, ज्यांमुळे परावर्तन खोटे कमी येते. ड्रिलिंगच्या मडमध्ये लिग्नाइटची भुकटी घालण्याची पद्धत आहे, आणि ही भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली कमी परिपक्व व्हिट्रिनाइट म्हणून सहज खपते. याउलट जुन्या खडकांतून झिजून पुन्हा गाळात आलेले व्हिट्रिनाइट परावर्तन खोटे वाढवते. म्हणून अहवालातील केवळ सरासरी उतरवून घेऊ नये. प्रत्येक नमुन्याचा आयतालेख मागवावा, त्यात एक टेकडी आहे की दोन हे पाहावे, आणि वीसपेक्षा कमी कणांवर आधारलेली सरासरी असेल तर तिला मॉडेलवर हुकमत गाजवू देऊ नये.

हायड्रोजनने समृद्ध सेंद्रिय पदार्थांत व्हिट्रिनाइटचे परावर्तन दबून कमी येते, हीही एक ओळखीची गुंतागुंत आहे. पन्ना संचातील सेंद्रिय पदार्थ मुख्यतः जमिनीवरील वनस्पतींपासून आलेला असला तरी सर्वत्र एकजिनसी नाही, त्यामुळे कोळशातील आणि लगतच्या शेलमधील परावर्तन वेगळे येऊ शकते. शंका आल्यास रॉक-इव्हॅल चाचणीतील (खडकाचा नमुना तापवून करायच्या चाचणीतील) कमाल तापमान आणि परागकणांचा रंग या दोन स्वतंत्र निदर्शकांची मदत घ्यावी. तिन्ही निदर्शक एका दिशेने बोलत असतील तरच मॉडेलचा इतिहास बदलण्याचा विचार करावा.

खडकांची उष्णतावाहकता: मुकाट्याने होणारी चूक

यानंतरची पायरी खडकप्रकारांची आहे, आणि येथे माझ्या स्वतःच्या हातून झालेली एक चूक सांगणे उचित होईल. एका अभ्यासात घाईमुळे मी विहिरीचा मधला मोठा भाग सॉफ्टवेअरमधील तयार यादीतील ‘शेल’ म्हणूनच ठेवला होता, कारण भूकंपीय छेदावरून (कृत्रिम कंपनांनी मिळवलेल्या भूगर्भाच्या चित्रावरून) थर भरताना तो तात्पुरता तसा टाकला होता आणि नंतर बदलायचा राहून गेला. मॉडेल तापमानाशी उत्तम जुळले. उष्णता प्रवाह कमी निघाला, आणि तो कमी का याचे एक पटण्याजोगे भूशास्त्रीय स्पष्टीकरणही मी लिहून टाकले. चूक लक्षात आली ती शेजारची विहीर भरताना.

आपल्या काल्पनिक विहिरीवर हाच हिशेब करून पाहता येईल. ३००० मीटरपैकी १४०० मीटर चुनखडी, जिची वाहकता २.४, आणि १६०० मीटर शेल, ज्याची १.६ धरली, तर थर एकावर एक असल्यामुळे प्रत्येकाचा उष्णतारोध मिळवून सरासरी वाहकता १.९ येते. सगळाच शेल समजला तर ती १.६ राहते, आणि १३३ अंश गाठायला ६९ ऐवजी ५८ मिलिवॅट पुरतात. आता हा ५८ चा आकडा चुनखडी व्यवस्थित भरलेल्या दुसऱ्या विहिरीत नेला की तेथे तापमान कमी पडते. उलट ६९ चा आकडा सगळ्या शेलच्या विहिरीत नेला तर तळाशी १३३ ऐवजी १५३ अंश येतात. म्हणजे उष्णता प्रवाह हा पुष्कळदा निसर्गाचा नव्हे तर आपण निवडलेल्या खडकप्रकारांचा परिणाम असतो, आणि दोन विहिरींचे प्रवाह तुलना करण्याजोगे होण्यासाठी त्यांची खडकसूची एकाच हाताने, एकाच निकषाने तयार झालेली असावी लागते.

कोळशाबाबत विशेष सावध राहावे. त्याची वाहकता ०.३ च्या आसपास, म्हणजे शेलच्या पाचव्या हिश्श्याएवढी, असल्यामुळे पातळ थरही गोधडीसारखे काम करतात. पन्ना संचात मिळून २० मीटर कोळसा असेल आणि तो शेलमध्ये विरवून टाकला, तर ६९ मिलिवॅट प्रवाहाला त्या कोळशाखालचे तापमान सुमारे चार अंशांनी कमी येते. एकट्याने हा फरक मोठा नाही, पण स्रोत खडक नेमका तेथेच आहे.

याच पायरीवर होणारी आणखी एक चूक म्हणजे सॉफ्टवेअर खनिजांच्या गाभ्याची वाहकता मागत असताना प्रयोगशाळेत पाण्याने भरलेल्या सच्छिद्र खडकावर मोजलेली वाहकता भरणे. पाण्याची वाहकता ०.६ असते, सॉफ्टवेअर तिचा परिणाम स्वतः मिसळत असल्याने तो दोनदा मोजला जातो आणि खडक वास्तवापेक्षा अधिक उष्णतारोधक ठरतो.

झीज आणि जुना उष्णता प्रवाह: काय शक्य आहे आणि काय नाही

इथवर सर्व तपासून झाले आणि परावर्तन तरीही जास्त असेल, तर खडक पूर्वी अधिक गरम होता या शक्यतेला हात घालावा. त्यासाठी दोन साधने सुचतात: नाहीशा झालेल्या थरांची जाडी आणि भूतकाळातील वाढीव प्रवाह. ही दोन्ही साधने एकमेकांची जागा घेऊ शकतात, त्यामुळे केवळ आलेख जुळला म्हणून त्यांतील एक खरे ठरत नाही. परंतु बऱ्याचदा या दोन्हींपैकी एकही शक्य नसते, आणि ते कागदावर दोन ओळींत दाखवता येते.

आधी झीज पाहू. मध्य मायोसीनच्या अखेरीस येथील चुनखडीची निर्मिती थांबली आणि त्या पातळीवर विसंगती आहे. आपल्या विहिरीत ही विसंगती समुद्रतळाखाली ९०० मीटरवर आहे असे समजा. म्हणजे आज ३००० मीटरवर असलेला स्रोत खडक त्या काळी २१०० मीटरवर होता. मॉडेल करणाऱ्याने ५०० मीटर थर झिजून गेले असे भरले, तर झीज होण्यापूर्वी तो खडक २६०० मीटरवर गेला होता. परंतु त्यानंतर तो ३००० मीटरपर्यंत पुरला गेला आहे. आजचे तापमान त्या जुन्या तापमानापेक्षा जास्त आहे, आणि परावर्तनावर त्या ५०० मीटरची जवळजवळ काहीच खूण उरलेली नाही. तापमानवाढीचा दर तोच धरला तर ९०० मीटरपेक्षा कमी झीज तफावत मिटवूच शकत नाही, आणि उथळ कार्बोनेट (चुनखडीच्या) मंचावर ९०० मीटरपेक्षा जास्त झीज झाली असे म्हणायचे असेल तर भूकंपीय छेदावर कापलेल्या थरांचा स्पष्ट पुरावा दाखवावा लागेल. विसंगतीनंतरचे दफन झिजेपेक्षा जास्त आहे की कमी, ही तपासणी मॉडेल चालवण्याआधीच करावी. तिने कितीतरी फेऱ्या वाचतात.

आता जुना उष्णता प्रवाह. मुंबई समुद्राच्या मॉडेलमध्ये दख्खन ट्रॅपच्या उद्रेकाच्या, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या, किंवा त्यानंतर सेशेल्स भारतापासून विलग होतानाच्या काळात उष्णता प्रवाहाचा मोठा सुळका काढण्याचा मोह जवळजवळ सर्वांनाच होतो. इतका लाव्हा बाहेर आला, खंड फाटला, तेव्हा खोरे तापलेच असणार, असा त्यामागचा तर्क असतो. तर्क चुकीचा नाही. तो पन्ना संचाला लागू पडत नाही, एवढेच. लाव्हाचे थर वाहिले तेव्हा पन्ना संच साठलेलाच नव्हता. तो साठल्यावर बराच काळ उथळ राहिला. समजा पाच कोटी वर्षांपूर्वी स्रोत खडक ३०० मीटर खोल होता आणि प्रवाह चांगला ९० मिलिवॅट होता. कोवळ्या शेलची वाहकता १.३ धरली तरी त्या खोलीत तापमान समुद्रतळापेक्षा एकवीस अंशांनीच जास्त भरते, म्हणजे पंचेचाळीस अंशांच्या आसपास. आज तो खडक १३३ अंशांवर आहे. पंचेचाळीस अंशांनी व्हिट्रिनाइटला काही फरक पडत नाही.

थोडक्यात, स्रोत खडक उथळ असतानाच्या उष्णता प्रवाहाला परावर्तन जवळपास आंधळे असते, आणि प्रवाहाचा सुळका शिलावरण (पृथ्वीचा कठीण बाह्य थर) ताणले जाण्याच्या काळात असला तरी ते थंड होण्याचा कालमापक सुमारे सहा कोटी वर्षांचा असल्यामुळे तो पुढे सरत सरत ओसरतो. म्हणूनच १९७८ मध्ये मॅकेन्झी यांनी मांडलेल्या प्रतिमानातील ताण-गुणांक (शिलावरण किती पट ताणले गेले ते) १.४ की १.६, यावर बैठकीत तासभर चर्चा होते तेव्हा मला नेहमी असे सुचवावेसे वाटते की आधी दोन्ही आकडे टाकून तळाचे परावर्तन किती बदलते ते पाहावे. तो बदल मोजणीच्या त्रुटीपेक्षा लहान असेल तर चर्चा खोऱ्याच्या उत्पत्तीसाठी मोलाची असेल, पण या अडचणीचे उत्तर तिच्यात नाही.

याला एक खरा अपवाद आहे. कच्छ-सौराष्ट्राकडे ट्रॅपच्या खाली मध्यजीव महाकल्पातील गाळाचे खडक आहेत, आणि तेथे स्रोत खडक ट्रॅपच्या आधीचा असेल तर लाव्हाचे ओझे, तेव्हाचा उष्णता प्रवाह आणि घुसलेल्या डाइक-सिलांची (थरांत शिरून थिजलेल्या शिलारसाच्या भिंतींची व पट्ट्यांची) स्थानिक धग या तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. त्या मॉडेलमधील सुळका उचलून मुंबईच्या मॉडेलमध्ये आणला जातो, तेथेच घोटाळा होतो.

उंचवट्यावरचे आकडे खोलगटात नेताना

विहिरी उंचवट्यांवर खोदल्या जातात, तेल मात्र खोलगटात तयार होते. मुंबई हायच्या माथ्यावर स्रोत खडक नसतो किंवा विरळ आणि अपरिपक्व असतो. तेथील तेल भोवतालच्या खोलगट भागांतून बाजूने सरकत आले आहे. त्यामुळे माथ्यावरच्या विहिरीत सर्व काही जुळले तरी मूळ प्रश्नाचे, म्हणजे स्रोत खडक केव्हा आणि किती पिकला याचे, उत्तर मिळालेले नसते. आणि येथे अडचण दुसऱ्या रूपात परत येते: माथ्यावर जुळलेला प्रवाह खोलगटात लावला की मॉडेल तेथे सगळा स्रोत खडक फार पूर्वीच वायूच्या पलीकडे गेल्याचे दाखवते.

याची कारणे दोन. बेसाल्ट किंवा ग्रॅनाइटचा उंचवटा भोवतालच्या कोवळ्या शेलपेक्षा अधिक उष्णतावाहक असल्यामुळे उष्णता त्याच्याकडे ओढली जाते, आणि तळाशी ग्रॅनाइट असेल तर त्यातील किरणोत्सारी मूलद्रव्ये स्वतःची भर घालतात. म्हणून माथ्यावरचा प्रवाह खोलगटापेक्षा स्वाभाविकपणे जास्त असतो. दुसरे म्हणजे सुरत खोलगटासारख्या ठिकाणी, जेथे नर्मदा आणि तापीने आणलेला गाळ झपाट्याने साठला आहे, थंड गाळाला तापायला पुरेसा वेळच मिळालेला नसतो. सॉफ्टवेअरमध्ये स्थिर अवस्थेचा पर्याय निवडलेला असेल तर हा परिणाम हिशेबातच येत नाही. तो पर्याय बंद करून कालानुरूप गणना चालू आहे याची खात्री करावी, आणि उष्णतेची अट गाळाच्या तळाशी न लावता शिलावरणाच्या तळाशी तापमान म्हणून लावावी. मग माथा आणि खोलगट यांतील प्रवाहाचा फरक मॉडेल स्वतःच काढते आणि तो आपल्याला हाताने रंगवावा लागत नाही. एकमितीय मॉडेलला उष्णतेचे बाजूने वळणे दिसत नाही, म्हणून या टप्प्यावर किमान एक द्विमितीय छेद तरी करावाच.

खोलगटात विहीर नसली तरी पडताळा पूर्णपणे अशक्य नाही. मुंबई हायमध्ये प्रामुख्याने तेल आणि त्यावर वायूची टोपी आहे, तर वसई क्षेत्रात प्रामुख्याने वायू आहे. दोन्ही क्षेत्रे ज्या खोलगटांतून भरली असे मॉडेल म्हणते, त्या खोलगटांतून त्या त्या काळी निघालेल्या द्रवाचा प्रकार या वस्तुस्थितीशी सुसंगत आहे का, आणि तेलाच्या नमुन्यांतील जैवचिन्हांवरून (मूळ सजीवांची ओळख टिकवणाऱ्या रेणूंवरून) काढलेली परिपक्वता मॉडेलच्या आकड्याजवळ आहे का, हे पाहता येते.

तरीही जुळत नसेल तर

काही विहिरी या सर्व चाळणीतून पार पडूनही हट्टाने जुळत नाहीत. अशा वेळी वाहत्या पाण्याचा विचार करावा. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून उन्हवरे, तुरळ, राजवाडीपर्यंत कोकणात गरम पाण्याचे झरे आहेत, आणि ते खडकांतील भेगांमधून पाणी किती सहज उष्णता वाहून आणते याची साक्ष देतात. त्यांवरून सबंध किनाऱ्याखाली उष्णता प्रवाह विलक्षण आहे असा निष्कर्ष काढणे मात्र धाडसाचे ठरेल. समुद्रातील विहीर मोठ्या प्रस्तरभंगाजवळ असेल आणि तापमानाची रेषा एखाद्या सच्छिद्र चुनखडीपाशी एकाएकी वाकत असेल, तर तो बिंदू स्थानिक समजून खोऱ्याच्या मॉडेलमधून वगळावा आणि वगळल्याचे कारण लिहून ठेवावे.

शेवटी दोन मॉडेले उरतात असेही होते: एकात थोडी अधिक झीज, दुसऱ्यात मायोसीन काळात थोडा अधिक प्रवाह, आणि दोन्ही उपलब्ध बिंदूंशी सारखीच जुळतात. त्यांतील एक आवडीने निवडू नये. दोन्ही मॉडेले खोलगटात चालवून तेल बाहेर पडण्याचा काळ किती बदलतो ते पाहावे; सापळा (तेल अडकून साठते ती खडकरचना) तयार होण्याचा काळ दोन्हींच्या आधीचा असेल तर हा वाद शोधकार्याच्या दृष्टीने निरर्थक आहे, आणि दोहोंच्या मधे पडत असेल तर तीच जोखीम अहवालात आकड्यांसह मांडावी. दोन्ही फायली जपून ठेवाव्यात. पुढच्या विहिरीच्या खोदकाम-योजनेत मड थांबवल्याची वेळ आणि प्रत्येक लॉगिंग फेरीतील तापमान स्वतंत्रपणे नोंदवण्याची, तसेच विसंगतीच्या वर व खाली शेलचे भिंतीतील नमुने घेण्याची विनंती आधीच समाविष्ट करावी, कारण रिग हलल्यानंतर या तिन्ही गोष्टी कोणत्याही खर्चाने मिळत नाहीत.